हळू उघडावे

कामोठे, पनवेल
११ नोव्हेंबर २०१२

ज्याच्या कृपेवाचून लेखणी कागदाला टेकत नाही, आणि टेकली तरी तिला अर्थ फुटत नाही, त्या दयाघन पालनकर्त्याचे स्मरण करून हे पत्र आरंभितो. त्याच्या सर्व प्रेषितांवर शांती असो.

चि. नशरा हिस तुझ्या बडे अब्बांच्या अनेक दुआ.

फोनवर तू बोलतेस त्यातले अर्धे मला ऐकू येते आणि उरलेले मी माझ्या सोयीने जुळवून घेतो. म्हणून हा विषय कागदावर मांडत आहे. शिवाय या घरात आता फोन वाजत नाही. झुबेरने त्याचा आवाज कायमचा बंद करून टाकला आहे.

कारण अमन. झुबेरचा मुलगा, माझा नातू, आता दोन वर्षांचा होईल, पण मानही धरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत तो हसत होता, हे तू ईदला आली होतीस तेव्हा स्वतः पाहिले आहेस. त्यानंतर एकेक गोष्ट त्याने परत केली: पालथे होणे, मूठ धरणे, आईकडे पाहणे. उरले आहे ते एकच, दचकणे. चमचा पडला, दाराची कडी वाजली, कोणी शिंकले, की त्याचे सारे अंग धनुष्यासारखे ताणले जाते आणि मग झटका येतो. त्याच्या आईने, सकीनाने, कुकर माळ्यावर टाकला; भात उघड्या पातेल्यात होतो. खालच्या मजल्यावर माधुरीबाईंची शिकवणी चालते. त्या मुलांना जोडे हातात घेऊन जिना चढायला लावतात आणि पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायला लावतात. मी स्वतः आयुष्यभर खड्या आवाजात पठण केले. आता फक्त ओठ हलवतो.

मुंबईच्या इस्पितळाने अखेर आजाराचे नाव सांगितले. ते नाव मी येथे लिहीत नाही; लिहिल्याने ते घरात कायमचे राहायला येईल, असे सकीनाला वाटते. डॉक्टर म्हणाले की मेंदूत एक स्निग्ध द्रव्य साचत जाते. त्याला धरून उचलणारे एक प्रथिन निरोगी शरीर आपोआप घडवते, ते अमनचे शरीर घडवत नाही. औषध विचारले तर त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला, आणि तो आधीच सरळ होता.

परंतु परवा झुबेरने संगणकावर शोध घेतला आणि मला उठवून दाखवले. तेच प्रथिन, त्याच नावाचे, परदेशातील एक कंपनी विकते! करंगळीच्या पेराएवढी कुपी, तळाशी पांढरी भुकटी. आणि झुबेर म्हणाला, "अब्बा, नशरा तिच्या प्रयोगशाळेत ह्याच जातीच्या प्रथिनांवर काम करते." मुली, ही कुपी तुझ्या कपाटात असेल तर ती आम्हांस मिळावी.

एक शंका मात्र आधी फेडून घ्यावी लागेल. कुपीवर 'मानवी' असे लिहिले आहे. कोणा मानवाचे? परक्या स्त्रीने मुलाला दूध पाजले तर ती त्याची आई ठरते आणि तिची मुले त्याची भावंडे ठरतात. मग ज्याच्या देहातला अंश अमनच्या मेंदूपर्यंत जाणार, त्याचे आमच्याशी नाते लागते की नाही? त्याचे नाव कळव. तो हयात असेल तर त्याला सलाम पाठवू, नसेल तर दुआत त्याचे नाव घेऊ. नाव न विचारता घेणे मला प्रशस्त वाटत नाही.

आणखी एक. कुपीच्या त्याच चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरांत 'मानवी उपयोगासाठी नाही' असेही आहे. वर मानवी आणि खाली मानवासाठी नाही. या दोन ओळींचा मेळ तूच घालून दे.

तुझा,
इलियास


पुणे
२० नोव्हेंबर २०१२

आदरणीय बडे अब्बा,

अस्सलाम अलैकुम. पत्र कितीतरी वेळा वाचले. तुमच्या शंकांची उत्तरे देते, कारण मागणीचे उत्तर देण्यापेक्षा ते सोपे आहे.

ते प्रथिन कोणत्याही माणसाच्या देहातून काढलेले नाही. माणसाच्या पेशीत ते कसे घडवायचे याची आज्ञा असते. तीच आज्ञा एका सूक्ष्म जंतूत घातली, आणि काचेच्या भांड्यात वाढवलेल्या त्या जंतूंनी ते घडवले. घडण माणसाची, घडवणारे जंतू. तेव्हा सलाम पाठवावा असे कोणी नाही, बडे अब्बा. नाव कोणाचेच नाही.

आता दुसऱ्या ओळीबद्दल. झुबेरभाई द्रोणागिरीच्या गोदामात सुपरवायझर आहेत, त्यांच्या भाषेत सांगते. मेंदूतली प्रत्येक पेशी म्हणजे एक गोदाम. त्या स्निग्ध द्रव्याच्या गोणी रोज येतात. गोणी फोडून माल मोकळा करणारे यंत्र अमनकडे आहे, उत्तम चालते. पण थप्पीवरून गोण उचलून यंत्राच्या तोंडाशी नेणारा माथाडीच नाही. तो माथाडी म्हणजे हे प्रथिन.

भाईजान लगेच म्हणतील, मग माथाडी बाहेरून आणू. आणता येत नाही. मेंदूला एक फाटक आहे आणि ते रक्तातल्या एवढ्या मोठ्या वस्तूला आत सोडत नाही. शिवाय ही कुपी औषधाच्या शुद्धतेची नसते. जंतूंचे विषारी अवशेष तिच्यात राहतात. ते टोचले तर तापाने आणि झटक्याने जे व्हायचे ते आधीच होईल. म्हणून ती दुसरी ओळ. ती कंपनीची पळवाट नाही, तंतोतंत खरी आहे.

कुपी माझ्या कपाटात आहे. रोज हाताळते. हे लपवले असते तर बरे झाले असते, पण तुम्ही विचारले आहे.

मी एकच करू शकते. अमनच्या दंडाची कातडी, तांदळाच्या दाण्याएवढी, इस्पितळातून काढून मिळाली तर त्या पेशी बशीत वाढवून त्यांना हे प्रथिन देता येईल. जमेची बाजू एवढीच की आजार नेमका कोठे अडतो ते कळेल. अमनला त्याचा उपयोग होईल असे मी म्हणत नाही. कृपा करून हे वाक्य दोनदा वाचा.

तुमची,
नशरा


कामोठे
१४ डिसेंबर

नशरा, अस्सलाम.

ही चिठ्ठी झुबेरच्या हाती देतेय, कातडीच्या डब्यासोबत. बावांना, तुझ्या बडे अब्बांना, ह्यातलं काय सांगू नको. मी उरणच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, चुका होतील, हसू नको.

कातडी काढली तवा पोरगं रडलं नाय. डॉक्टरनी कात्री ट्रेत टाकली, त्या खणकन आवाजाला मात्र झटका आला. मी डॉक्टरला बोलले, "तुमी सुई टोचा, कापा, काय पण करा, पण ट्रे नका वाजवू." तो बोलला, "सॉरी आई." मला आई बोलला. माझ्याच वयाचा असंल.

बावा पापड आमटीत भिजवून खातात. कुरकुर होऊ नये म्हणून. बघून मला हसू येतं आणि मग हसू पण दाबावं लागतं.

तू बावांना लिवलंस ते मला झुबेरनी समजावलं, माथाडी, फाटक, सगळं. समजलं. आता माझं ऐक. फाटक बंद हाय ते तुला कसं ठावं? अमनच्या डोक्यात तू गेलीस का? त्याचं फाटक जरा उघडं असंल तर? एक बाटली दे. गुना माझ्या डोक्यावर. बर्फ लागत असंल तर आमच्या करंजाच्या बंदरावर बर्फाचा कारखाना हाय, माझा भाऊ लादी आणून देईल. तू फक्त पनवेल स्टँडपर्यंत ये.

तू बाई हायस. अजून पोर नाय तुला, पण बाई हायस.

सकीना


पुणे
२३ डिसेंबर २०१२

भाभी,

मी आले होते. कुपी बर्फात ठेवून स्वारगेटपर्यंत आले, पनवेलच्या गाडीत बसलेसुद्धा. कंडक्टर तिकीट फाडायला आला तेव्हा उतरले.

फाटक जरा उघडे असेल असे मलाही वाटू लागले होते, म्हणून उतरले. तुम्हांला तसे वाटायला हवे. मला वाटून चालणार नाही. ती सुई टोचल्यावर झटका आला असता तर तो माझ्या हाताने आला असता, आणि तुम्ही मला कधीच काही बोलला नसता, हे मला ठाऊक आहे.

पेशी बशीत रुजल्या आहेत. आधी दोन-चार दिसत होत्या, आता तळ झाकत आला आहे. मी त्यांच्याशी हळू बोलते. येथे सगळे मला वेडी म्हणतात.

नशरा


पुणे
९ फेब्रुवारी २०१३

आदरणीय बडे अब्बा,

आज घाईत लिहिते आहे, अक्षराबद्दल क्षमा करा.

अमनच्या पेशींत जे साचले होते ते रंग दिल्यावर हिरव्या ठिपक्यांसारखे चमकत असे. पेशी नुसत्या ठिपक्यांनी भरलेल्या. त्यांना मी कुपीतले प्रथिन दिले. आज पाहिले, तर ठिपके गेले आहेत! काही फिके आहेत, बाकी स्वच्छ. अमनच्या पेशी कोणत्याही निरोगी मुलाच्या पेशींसारख्या दिसत आहेत. आमच्या सरांनी दोनदा सूक्ष्मदर्शकात पाहिले आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले.

माथाडी आला, बडे अब्बा, आणि गोदाम रिकामे झाले. मला हे सर्वांत आधी तुम्हांला सांगायचे होते.

तुमची,
नशरा


कामोठे, पनवेल
१७ फेब्रुवारी २०१३

ज्याने अंधारात बीजाला वाट दाखवली, त्या कृपाळूचे आभार कोणत्या भाषेत मानावेत, हे न उमजून ज्या भाषेत तुला लिहितो तिच्यातच मानतो.

चि. नशरा, सुखी अस. तुझ्या हातांना आयुष्य लाभो.

तुझे पत्र मी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, सर्वांसमोर वाचले. झुबेर गोदामातून नुकताच आला होता. तो तसाच, बूट न काढता, भिंतीला टेकून उभा राहिला. सकीनाने विचारले, "बावा, शेवटची ओळ परत वाचा." मी परत वाचली. गोदाम रिकामे झाले. ती म्हणाली, "मी बोलले होते. फाटक उघडं होतं त्याचं." तिचे म्हणणे मला कळले नाही, पण आनंदात कोणाच्या बोलण्याचा अन्वय लावत बसू नये.

गुरुवारी घरी मौलूद, प्रेषितांच्या स्तुतीचे पठण, ठेवले. मोहल्ल्यातून माणसे आली, माझ्या धाकट्या भावाचे, तुझ्या वडिलांचे, जुने मित्र आले. आणि नशरा, असे मौलूद पनवेलमध्ये कोणी पाहिले नसेल. सारी माणसे मांडीला मांडी लावून बसली आणि एकाच्याही तोंडून ध्वनी निघाला नाही. केवळ ओठ हलत होते. मी हाताच्या बोटांनी ताल दिला, कडव्याच्या शेवटी बोट वर केले, की सर्वजण मिळून मान लववत. हुसेनमिया, ज्यांच्या आवाजाने एके काळी मशिदीच्या घुमटातली कबुतरे उडत, त्यांचा गळा फुगून आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. तरी सूर बाहेर पडला नाही. शिरणीचा मलिदा माधुरीबाईंच्या शिकवणीतील सर्व मुलांना दिला. एक मुलगी कुजबुजली, "आजोबा, अमन आमच्या क्लासला कधी येणार?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह. तुमच्यासारखेच जोडे हातात घेऊन."

सकीनाने काल बाजारातून त्याच्यासाठी बूट आणले. चालताना चूं चूं वाजणारे. माझ्या आश्चर्याकडे पाहून म्हणाली, "आता कशाला घाबरायचं, बावा?"

कुपी पुन्हा केव्हा द्यावी लागेल, आणि मूल स्वतः केव्हा हसू लागेल, ते कळव. अजून फरक दिसत नाही. पण कातडीकडून मेंदूकडे गुण पोहोचायला काही अवधी लागत असेल, हे मी समजू शकतो.

तुझा,
इलियास


पुणे
२१ फेब्रुवारी २०१३

बडे अब्बा,

चूक माझी आहे. आनंदाच्या भरात मी 'अमनच्या पेशी' असे लिहीत गेले आणि त्या बशीत आहेत, माझ्याकडे, पुण्यात, हे त्या पत्रात एकदाही लिहिले नाही. मला वाटले तुम्हांला ठाऊक आहे.

कुपीतले प्रथिन अमनला कोणी दिलेले नाही. त्याच्या दंडावरून जो तांदळाएवढा तुकडा निघाला त्यातून वाढलेल्या पेशींना दिले. त्या बऱ्या झाल्या. अमनच्या अंगातली एकही पेशी त्यामुळे बदललेली नाही. येथून तेथे काही पोहोचत नाही.

मला जो आनंद झाला तो खरा होता. याची मला लाज वाटते.

हे भाभींना तुम्ही सांगू नका. मी येऊन सांगेन. शनिवारी येते.

नशरा


कामोठे, पनवेल
२ मे २०१३

चि. नशरा हिस अनेक दुआ.

तू येऊन गेल्यापासून मी तुला लिहिले नाही. राग नव्हता. तू सकीनाच्या पायाशी बसून सांगत होतीस आणि ती तुझ्या केसांतली गुंतलेली पिन सोडवत होती. जणू रडणारी तू होतीस, आणि ती फक्त ऐकणारी. त्या दृश्यानंतर लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नाही. लोक अजून माझ्याकडे वारशाचे, तलाकचे, रोज्यांचे प्रश्न घेऊन येतात, मी उत्तरे देतो आणि ती बरोबरही असतात. पण ज्या खोलीत मूल आहे तेथे गेलो की मी एक जुने फर्निचर असतो.

आज लिहितो, कारण काल एक गोष्ट घडली. सकीनाच्या हातातून स्टीलचे ताट निसटले. फरशीवर आपटले, आणि मग, तुला माहीत आहे ताट कसे पडते, ते गरगरत, झणझणत, कितीतरी वेळ थांबेना. मी भिंत धरली. सकीना धावली. अमन शांत होता. पापणीसुद्धा हलली नाही.

सकीना मोठ्याने हसली. या घरात मोठ्याने हसणे किती महिन्यांनी झाले! "बावा, दचकला नाय! बघा, बघा, दचकला नाय! तुमच्या मौलूदाचा गुण हाय." आणि ताट उचलून तिने ते पुन्हा, मुद्दाम, पाडले.

मी म्हणालो, "होय."

झुबेर दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. मग तो जिना उतरून खाली गेला. माधुरीबाई सांगतात की तो मुलांच्या बाकावर बसून राहिला होता आणि कोणी पाढे म्हटले नाहीत.

अमनजवळ जे एक उरले होते तेही त्याने परत केले, याचा अर्थ मला कळतो. तुलाही कळेल. या पत्राला उत्तर देऊ नकोस.

इलियास


पुणे
३ जुलै २०१३

आदरणीय बडे अब्बा,

अमनच्या मातीला आले तेव्हा घरात बोलता आले नाही. भाभी मला म्हणत राहिल्या, "खा काहीतरी." झुबेरभाईंनी त्याला एकट्याने हातांवर कबरस्तानात नेले, जनाजा लागलाच नाही, हे मला बाहेरच्यांकडून कळले. अल्लाह त्याला आपल्या सावलीत ठेवो.

आता जे विचारायचे आहे ते विचारायची ही वेळ नाही. पण रमजान सुरू होण्याआधी विचारावे असे वाटले, कारण त्या महिन्यात तुम्ही विचार कराल.

अमनच्या पेशी माझ्याकडे आहेत. काही बशीत वाढत आहेत, काही नळ्यांत गोठवून ठेवल्या आहेत. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत त्या वर्षानुवर्षे राहतात. हव्या तेव्हा उबेत आणल्या की पुन्हा जगतात.

आणखी एका घरातून आम्हांला पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला हेच आहे. या देशात या आजाराच्या दुसऱ्या पेशी आमच्या माहितीत नाहीत. अमनच्या पेशी राहिल्या तर फाटक ओलांडण्याच्या निरनिराळ्या युक्त्या त्यांच्यावर आधी पाहता येतील. त्या मुलीला वेळेत काही मिळेल असे मी म्हणत नाही. यापुढे मी असे कोणालाच म्हणणार नाही.

पण कायद्याने आणि त्याहून अधिक माझ्या मनाने त्या तुमच्या आहेत. देहापासून वेगळा झालेला अंश मातीत ठेवावा, हे मी तुमच्याकडूनच लहानपणी शिकले. नखे कापली की तुम्ही आम्हांला कुंडीत पुरायला लावत होता. तुम्ही म्हणाल तर मी त्या नळ्या घेऊन येईन आणि अमनच्या शेजारी ठेवू.

तुम्ही सांगाल तसे.

तुमची,
नशरा


कामोठे, पनवेल
१२ ऑगस्ट २०१३

जो देतो तेव्हा हिशेब मागत नाही आणि घेतो तेव्हा कारण सांगत नाही, त्या पालनकर्त्याच्या दारी, कोणतेही कारण न मागता, डोके टेकवून हे लिहितो.

चि. नशरा हिस अनेक दुआ. ईद झाली. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना उलटला.

मी सर्व किताबा काढल्या. आमच्या शाफई परंपरेत मेलेल्याच्या अंशाविषयी स्पष्ट लिहिले आहे, आणि जिवंताच्या देहापासून वेगळ्या झालेल्या अंशाविषयीही. परंतु ज्याचा अंश तो गेला आणि अंश मात्र अजून वाढतो आहे, त्याविषयी कोणत्याही पानाच्या समासातसुद्धा शब्द नाही. मातीत घाला म्हणावे, तर जे जिवंत आहे ते पुरण्याचा अधिकार मला कोणी दिला? राहू द्या म्हणावे, तर तो देह आम्ही अपुरा पुरला, असे होते. मोहल्ल्यातील कोणी हा प्रश्न आणला असता तर मी म्हणालो असतो, आठ दिवसांनी या. माझ्याकडे आठ दिवसांनी येणारा मीच होतो.

शेवटी सकीनापुढे मांडले. ती तांदूळ निवडत होती. कुकर पुन्हा खाली आला आहे. पहिल्या दिवशी त्याची शिटी झाली तेव्हा ती तशीच धावत आतल्या खोलीत गेली आणि रिकाम्या गादीवर हात ठेवून उभी राहिली. आता ती शिटी व्हायच्या आधीच गॅस बंद करते.

तिने सर्व ऐकून विचारले, "त्याला जे मिळत नव्हतं ते तिथं मिळतं?"

"बशीत आहेत त्यांना मिळते."

"मग तिथं तो बरा हाय."

"तसे म्हणता येणार नाही, सकीना. तो म्हणजे अमन नव्हे."

"मग कोण हाय?"

तुला मी एकदा विचारले होते की कुपीतला तो मानव कोण, त्याचे नाव काय. आणि तू लिहिले होतेस की नाव कोणाचेच नाही. तेव्हा मला ते चमत्कारिक वाटले होते. आता माझ्या सुनेने मला तेच विचारले आणि मला नाव ठाऊक असून सांगता आले नाही.

तिने सुपातला खडा उचलून बाजूला ठेवला. "थंडी लय असंल ना त्या टाकीत?"

"फार."

"थंडीचं त्याला काय नव्हतं. डिसेंबरात पण तो पांघरूण सोसायचा नाय." मग बराच वेळ तिचे हात नुसते तांदळात फिरत राहिले. "आवाज असतो का तिथं?"

मला माहीत नव्हते. झुबेर अशा टाक्या पाहतो. गोदामात कधी कधी उतरतात. तो म्हणाला, "एरवी नसतो. झाकण काढलं की फुस्स करतं, आणि आतल्या सळया एकमेकींवर आपटतात."

सकीना म्हणाली, "मग त्यांना सांगा, झाकण हळू काढा म्हणावं. बाकी काय पण करू देत. त्या दुसऱ्या पोरीला गुण येऊ दे, नको येऊ दे, ते अल्लाच्या हातात. पण पहिलं हळू काढा म्हणावं." आणि सूप घेऊन ती उठली.

हा निवाडा माझा नव्हे. मला देता आला नाही. ज्यांना वाटते की इलियास मास्तरांना सर्व विचारावे, त्यांना तू सांगू नकोस. मीच केव्हातरी सांगेन. आईने जे म्हटले ते मी लिहून पाठवतो आहे. माझ्याकडून एवढीच सेवा घडते आहे.

त्या नळ्यांवर मुलाचे नाव लिहिता येत नाही, फक्त आकडा असतो, हे तू मागे सांगितले होतेस. तो नियम योग्य असेल. परंतु वस्तू कशी हाताळावी, एवढी सूचना तर प्रत्येक खोक्यावर असते. द्रोणागिरीच्या गोदामातसुद्धा असते. म्हणून खालील दोन ओळी मी माझ्या हाताने, जाड शाईने लिहून सोबत पाठवत आहे. थंडीत न फाटणाऱ्या कागदात गुंडाळून त्या टाकीच्या झाकणावर लाव. मराठी न येणारे कोणी असतील तर त्यांच्या भाषेतही लिहून घे.

हळू उघडावे.
आत असलेल्याला आवाज सोसत नाही.

ज्या हातांनी हे झाकण उघडले जाईल आणि ज्या डोळ्यांनी ही ओळ वाचली जाईल, आज, उद्या, आम्ही कोणी नसू तेव्हाही, त्या सर्वांच्या घरी भांडे पडो, ते मोठ्याने वाजो, त्यांची लेकरे दचकोत, रडोत, आणि आईने उचलून घेताच पुन्हा हसोत. आमीन.

इलियास